हाताला पटलेली रायफल

अमेरिकेत जुन्या बंदुका विकणाऱ्या दुकानात विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ७०’ रायफल समोर आली, की जाणतं गिऱ्हाईक आधी नळीत डोकावत नाही. ते रायफलीच्या कुशीवर ठोकलेला क्रमांक वाचतं. क्रमांक सात लाखांच्या आतला निघाला तर गिऱ्हाईक खुलतं आणि दुकानदाराचा भाव चढतो. सात लाखांच्या वरचा निघाला, तर सौदा साध्या रायफलीचा होतो. नाव तेच, कारखाना तोच, काडतूसही तेच असू शकतं. फरक एवढाच, की पहिली रायफल १९६४ च्या आधीची आहे आणि दुसरी नंतरची.

या एका सालाने शिकारी रायफलींच्या जगाची उभी फाळणी केली. ‘प्री-सिक्स्टीफोर’ हा शब्द साठ वर्षं झाली तरी तिथल्या मालकांच्या तोंडी आहे. खरा चक्रावणारा भाग पुढेच आहे. १९६४ नंतरच्या रायफलींची गोळी काही वाकडी जात नव्हती. निशाणाच्या कागदावर त्या जुन्यांच्या बरोबरीने उतरत, कधी सरसही ठरत. मग मालकांचं बिनसलं कुठे? गोळी नेमक्या जागी पोचवणं हे ज्या वस्तूचं काम, ती ते चोख बजावत असताना लोक तिच्यावर इतके का रुसतात? याचा उलगडा हवा तर या यंत्राच्या पोटात शिरावं लागतं.

कडीआड कोंडलेला दाब

बोल्ट-ॲक्शनचं तत्त्व दाराच्या कडीचं आहे. दांडा वर उचलून मागे ओढला, की नळीचं मागचं तोंड उघडतं. पुढे ढकलून खाली पाडला, की बंद. प्रशियातल्या योहान निकोलाउस फॉन ड्रायझं यांनी १८३६ च्या सुमारास ही कडी लष्करी बंदुकीला बसवली आणि १८४१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने ती स्वीकारली. पण त्या बंदुकीच्या फटीतून गरम वायू निसटून नेमबाजाच्या तोंडाकडे यायचा. तो पुरता कोंडायला पुढची जवळपास साठ वर्षं गेली.

कोंडायचं ते केवढं, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. विंचेस्टरचं .२७० हे काडतूस १९२५ सालचं. अमेरिकी शिकारी ते आजही आवडीने वापरतात. त्यातली नेहमीची गोळी साडेआठ ग्रॅमांच्या आसपास. चाप ओढला की दारू पेटते आणि चेंबरमधला दाब क्षणार्धात बाहेरच्या हवेच्या चार हजार पटींच्या वर जातो. समुद्राची सर्वांत खोल जागा म्हणजे मारियाना गर्ता. तिच्या तळाशी पाण्याचा दाब साधारण अकराशे पट असतो. रायफलीतला दाब त्याच्या जवळजवळ चौपट. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो न लागतो, तोच गोळी दोन फुटी नळीतून सेकंदाला नऊशे मीटरहून जास्त वेगाने बाहेर पडलेली असते. आणि हे सारं थोपवून धरतात त्या बोल्टच्या तोंडाशी असलेल्या दोन पोलादी खुंट्या. दांडा खाली पाडताना बोल्ट पाव वर्तुळ फिरतो, खुंट्या आतल्या खाचांमागे जाऊन बसतात आणि मागे यायची वाट बंद होते. नेमबाजाचा डोळा तिथून वीत-दीड वीतच दूर असतो.

ही रचना पूर्णत्वाला नेली पॉल माउझर यांनी. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या त्यांच्या कारखान्यातली १८९८ ची रायफल हा आजच्या बहुतेक शिकारी रायफलींचा मूळ पुरुष. पुढे दोन खुंट्या, त्या दगावल्याच तर मागे तिसरी राखीव, काडतूस फुटलं तर वायू बाजूला काढून देणारी भोकं, आणि काडतुसाला धरणारी एक लांब पोलादी नखी. अमेरिकी सैन्याच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत माउझरच्या इतक्या कल्पना उतरल्या, की अमेरिकेच्या सरकारला त्यापोटी माउझर कंपनीला २ लाख डॉलर मोजावे लागले.

काडतूस कोणाच्या हातात?

मालकांच्या आवडीनिवडीतलं सर्वांत मोठं भांडण या नखीवरून आहे, म्हणून ती जवळून पाहू.

बोल्ट मागे ओढलेला आहे. खाली मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचलेली, स्प्रिंग त्यांना वर रेटते आहे. आता बोल्ट सावकाश पुढे ढकला. त्याचं तोंड वरच्या काडतुसाच्या बुडाला लागतं आणि ते पुढे सरकायला लागतं. माउझर पद्धतीच्या रायफलीत काडतूस मॅगझिनच्या ओठांतून सुटतं न सुटतं, तोच त्याच्या बुडाची कड खालून वर घसरत नखीखाली शिरते. तिथून पुढे काडतूस बोल्टच्या ताब्यात असतं. अर्ध्या वाटेत तुमचा विचार बदलला आणि बोल्ट मागे घेतला, तर काडतूसही मुकाट्याने मागे येतं.

दुसरी पद्धत ढकलण्याची. इथे बोल्ट काडतुसाला नुसता पुढे लोटतो. ते मोकळंच चेंबरकडे जातं आणि बोल्ट पूर्ण बंद होताना तोंडातला लहानसा आकडा कडेवर चटकन बसतो. रोजच्या वापरात काही फरक जाणवत नाही. पण घाईगडबडीत बोल्ट पुरता बंद न करता मागे ओढला, तर पहिलं काडतूस पुढेच पडून राहतं आणि बोल्ट पुन्हा ढकलला की दुसऱ्याचं टोक पहिल्याच्या बुडावर आपटतं. समोर अस्वल असेल तर ही कोंडी जिवावर बेतू शकते. आफ्रिकेत म्हैस आणि हत्तीच्या मागे जाणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांची नखीवर श्रद्धा बसली ती यामुळे.

रिकामी पुंगळी बाहेर टाकण्यातही दोन्हींचा स्वभाव निराळा. नखीच्या रायफलीत पुंगळीला धक्का देणारी पात एका जागी स्थिर असते. बोल्ट हिसका देऊन ओढला तर पुंगळी लांब उडते, हलक्या हाताने ओढला तर अलगद तळहातावर येते. पुंगळ्या गोळा करून घरी पुन्हा भरणाऱ्यांना हे फार आवडतं. ढकलणाऱ्या पद्धतीत धक्का देणारी स्प्रिंग बोल्टच्या तोंडातच दबलेली असते. कितीही हळू ओढा, पुंगळी उडणार ती उडणारच, आणि मालक गवतात वाकून शोधत बसणार.

पण ढकलणाऱ्या पद्धतीची बाजूही भक्कम आहे. नखीसाठी बोल्टचं तोंड एका बाजूने कापावं लागतं. ढकलणाऱ्या पद्धतीत ते कापायची गरज नसते, म्हणून काडतुसाच्या बुडाभोवती पोलादाचं पूर्ण कडं करता येतं. काडतूस सदोष निघून मागून फाटलं, तर हे कडं वायूला जास्त चांगलं अडवतं. शिवाय एकच काडतूस वरून नुसतं टाकून बोल्ट बंद केला तरी चालतं.

तक्रारींतून जन्मलेली

मॉडेल ७० ही मुळात तक्रारींची लेक. विंचेस्टरची आधीची बोल्ट-ॲक्शन म्हणजे १९२५ ची मॉडेल ५४. तिचा चाप मालकांना आवडत नसे. चापाच्या जोडणीवरच बोल्टला मागे थोपवण्याचं कामही लादलेलं होतं आणि दोन कामांत चाप धड राहत नव्हता. वर दुर्बीण बसवावी, तर सेफ्टीचा खटका आडवा यायचा. महामंदीत विंचेस्टर डबघाईला आली, १९३१ मध्ये ऑलिन कुटुंबाच्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीने ती विकत घेतली, आणि १९३६ मध्ये या तक्रारींना एकेक करून उत्तर देणारी मॉडेल ७० तयार झाली.

बोल्टला थोपवायला वेगळा तुकडा दिला, त्यामुळे चाप मोकळा झाला. त्याची यंत्रणा अगदी मोजक्या भागांची आणि उघडी. कचरा पडला तर खाली गळून जातो, बर्फ साचला तर दिसतो. सेफ्टीला तीन जागा. पुढे असली की रायफल उडेल. मागे असली की टोला देणारी पिनही बंद आणि बोल्टही बंद. मधली जागा सर्वांत शहाणपणाची: पिन बंद, पण बोल्ट उघडतो. म्हणजे सेफ्टी लावलेली ठेवूनच काडतुसं बाहेर काढता येतात. ही मधली जागा किती मोलाची, हे ती नसलेल्या रायफली पाहिल्या की कळतं. रेमिंग्टनच्या मॉडेल ७०० मध्ये १९८२ पर्यंत सेफ्टी लावली की बोल्टही अडायचा. भरलेली रायफल रिकामी करायची, तर आधी ती उडण्याच्या स्थितीत आणणं भाग होतं.

रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो ती चौकट, पोलादाच्या अखंड घडीव ठोकळ्यातून कोरून काढलेला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, त्यावर पकडीसाठी हाताने कापलेली बारीक चौकटीची नक्षी. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात वर्षानुवर्षं लिहिणारे जॅक ओकॉनर यांनी .२७० काडतुसाचा पुरस्कार केला आणि त्यांच्या लेखांनी मॉडेल ७० घराघरांत पोचवली. १९६३ संपेपर्यंत अशा सुमारे ५ लाख ८० हजार रायफली तयार झाल्या होत्या.

हिशेबनीस जिंकले, गिऱ्हाईक हरलं

पण ठोकळ्यातून पोलाद कोरून काढायला कुशल कारागीर लागतो, आणि त्याची मजुरी दरसाल वाढते. प्रतिस्पर्धी रेमिंग्टनने १९४८ मध्येच वेगळी वाट धरली होती. गोल रिसीव्हर लेथवर झटपट उतरतो, तेव्हा चौकोनी कोरीवकाम हवं कशाला? १९६२ मध्ये याच वाटेवरची मॉडेल ७०० आली. ती स्वस्त होती, ढकलणाऱ्या पद्धतीची होती आणि गोळी नेमकी मारत होती.

विंचेस्टरने १९६४ मध्ये मॉडेल ७० चा कायापालट केला. लांब नखी गेली, बोल्टच्या तोंडात लहानसा आकडा आला. काही भाग पत्र्यातून ठोकून काढले जाऊ लागले. दस्त्यावरची नक्षी हाताने कापायची सोडून गरम साच्याने दाबायला लागले. कापलेल्या नक्षीत हिऱ्यासारखे टोकदार उंचवटे असतात आणि ते तळव्याला धरतात. साच्याने दाबल्यावर तेच हिरे उलटे, खड्ड्यांसारखे आत गेले. दिसायला नक्षी, हाताला गुळगुळीत. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये एवढी रुंद फट ठेवली, की लोकांना ती गलथानपणाची खूण वाटली. आणि बोल्ट मागे ओढला की डावीउजवीकडे डुलायचा, मध्येच अडखळायचा.

मालकांचा संताप विक्रीत उतरला. ओकॉनर यांनाही नवा अवतार रुचला नाही. जुन्या रायफलींचे भाव चढू लागले ते आजतागायत उतरलेले नाहीत.

आता यातली मौज पाहा. ज्या फटीला लोक हसले, ती अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्यच होती. गोळी सुटताना नळी थरथरते. डोळ्याला दिसत नाही, पण गोळी बाहेर पडायच्या क्षणी नळीचं टोक नेमकं कुठे आहे यावर तिची दिशा ठरते. दर वेळी तीच थरथर झाली तर गोळ्या एका जागी लागतात. लाकूड नळीला टेकलं असेल तर पावसात ते ओल धरतं, फुगतं, नळीला ढकलतं आणि कालपर्यंतचा नेम आज सरकतो. म्हणून नळी मोकळी सोडावी. आज नेमबाजीची कुठलीही चांगली रायफल याच तत्त्वावर असते, आणि मालक नळीखालून कागदी नोट सरकवून ती कुठे अडत नाही ना हे तपासतात. उलट लाडक्या जुन्या मॉडेल ७० च्या दस्त्याचा पुढचा भाग एका स्क्रूने थेट नळीलाच आवळलेला असे. तो किती घट्ट ठेवावा, यावर जुने मालक आजही वाद घालतात. १९६४ नंतरच्या नळ्यांना आतली आटेदार खाच पाडायची रीतही आधुनिक होती. उलट्या आट्यांचा कठीण दांडा नळीत घालायचा आणि बाहेरून हातोड्यांचा मारा करून पोलाद त्याच्यावर दाबायचं. आजच्या कित्येक उत्तम नळ्या अशाच बनतात.

अमेरिकी मरीन दलाच्या स्नायपरांनी व्हिएतनाममध्ये जुन्या मॉडेल ७० रायफली वापरल्या होत्या. १९६६ मध्ये त्यांनी नवी रायफल निवडली ती मात्र रेमिंग्टन ७०० वर बेतलेली, ढकलणाऱ्या पद्धतीची. म्हणजे केवळ नेम पाहणाऱ्याला नखीची गरज वाटली नाही.

निशाण समाधानी, हात नाही

मग शिकारी मालक वेडे होते का? उत्तरासाठी फिनलंडचा एक नियम उपयोगी पडतो. तिथे मूससारखं मोठं जनावर मारायचं, तर आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ७५ मीटरवरून चार गोळ्या, चारही २३ सेंटीमीटरच्या वर्तुळात. त्याच देशात बनणाऱ्या टिक्का रायफलीसोबत कारखाना हमी देतो, की शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात बसतील. हिशेब केला तर शिकारीला जेवढा नेमकेपणा लागतो, त्याच्या दहापट तो कारखान्यातूनच मिळालेला असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकारी रायफलीच्या नेमाचा प्रश्न बहुतांशी सुटला होता. उरलेला सगळा हलगर्जीपणा नेमबाजाचा.

मालक रायफलीवर गोळ्या तरी किती झाडतो? वीस काडतुसांचा एक खोका कित्येकांना हंगामभर पुरतो. बाकीचा सगळा काळ ती खांद्यावर असते, हातात असते, तेल लावून पुसली जाते, बोल्ट मागेपुढे करून पाहिला जातो. दारू पेटून गोळी बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजला, तर रायफल आयुष्यात एक सेकंदसुद्धा ‘चालत’ नाही. बाकी वर्षानुवर्षं ती नुसती सोबत असते. तिच्याबद्दलचं मत बनतं ते त्या सोबतीत, आणि बनवणारा असतो हात.

हाताला कमी लेखायचं कारण नाही. डुलणारा बोल्ट लोकांना खटकला, तो केवळ जुन्याच्या मोहापायी नव्हे. विंचेस्टरने स्वतःच १९६८ मध्ये बोल्टला सरळ वाट दाखवणारी खाच आणि पट्टी देऊन तो दोष दूर केला. हाताने पकडलेली चूक खरी निघाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘क्लासिक’ नावाने नखीही परत आली. ३१ मार्च २००६ रोजी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा कारखाना बंद पडला आणि २००८ पासून ही रायफल साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात बनू लागली. नखी तशीच, सेफ्टी तशीच, पण चापाची यंत्रणा नवी, बंदिस्त. लगेच मालकांत दोन तट. एक म्हणे चाप काचेसारखा स्वच्छ तुटतो. दुसरा म्हणे बंद डबीत बर्फ शिरला तर काढायचा कसा?

एका तक्रारीने बदललेला धंदा

इतर कंपन्यांच्या बाबतीतही हेच नाट्य निराळ्या पात्रांनिशी घडलं. अमेरिकी रायफलींच्या मालकांची एक जुनी ओरड होती: चाप फार जड. अपघात आणि खटले यांच्या धास्तीने कारखाने चापाला मुद्दाम जास्त जोर लागेल असं करत. जड चाप ओढताना बोट थरथरतं, रायफल हलते, नेम जातो. हलका करावा, तर रायफल पडली-आपटली की उडायची भीती.

सॅव्हेज कंपनीचे प्रमुख रॉन कोबर्न यांनी ही ओरड मनावर घेतली आणि २००२ च्या सुमारास ‘अॅक्युट्रिगर’ आला. चापाच्या मधोमध एक पातळ पात. बोट आधी या पातीवर टेकतं आणि ती आत दबते. त्यानंतरच चाप खरा मोकळा होतो. पात न दाबता धक्क्याने आतला भाग निसटला, तरी तो मध्येच अडतो आणि रायफल उडत नाही. त्यामुळे चाप हलका ठेवूनही धोका वाढत नाही, आणि किती हलका हे मालकाला घरी ठरवता येतं. काही वर्षांत इतर अनेक कारखान्यांनीही चापाच्या मध्ये पात बसवली.

टिक्काची गोष्ट याहून बोलकी. फिनलंडमधल्या रीहिमाकीच्या साको कारखान्यात २००३ पासून टी-३ ही रायफल बनू लागली. तिच्या बोल्टचं कौतुक सगळीकडे एकमुखी: हलका, गुळगुळीत, एका बोटाने सरकणारा. नाराजीची यादीही तितकीच ठरलेली. बोल्टचं मागचं टोपण प्लॅस्टिकचं. धक्का झेलणारा तुकडा ॲल्युमिनियमचा. पोकळ प्लॅस्टिकचा दस्ता फांदीला लागला तर टणकन वाजतो आणि जनावर सावध होतं. २०१६ मध्ये टी-३-एक्स आली तेव्हा टोपण धातूचं झालं, तुकडा पोलादाचा झाला, दस्त्याच्या पोटात आवाज मारणारा फोम आला, काडतूस हाताने घालायची खिडकीही मोठी झाली. मॅगझिन मात्र प्लॅस्टिकचंच राहिलं, कारण ते हलकं असतं आणि खडखडत नाही.

काही तक्रारींना मात्र उत्तरच नसतं. भौतिकशास्त्र आडवं येतं. डोंगर चढणाऱ्याला हलकी रायफल हवी. पण तेच काडतूस ३.६ किलोंच्या रायफलीऐवजी २.८ किलोंच्या रायफलीत घातलं, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा पाव हिश्शाहून जास्त वाढते. बोल्टला दोनऐवजी तीन खुंट्या दिल्या, तर दांडा ९० ऐवजी ६० अंश उचलला तरी पुरतो आणि बोटं दुर्बिणीला लागत नाहीत. पण दांडा उचलतानाच आतली स्प्रिंग दाबली जाते. तेवढंच काम थोड्या फिरण्यात उरकायचं, म्हणून उचलायला जोर जास्त लागतो.

उणे पन्नासातला हात

मालकांचं म्हणणं किती टोकापर्यंत नेता येतं, हे कॅनडाने दाखवलं. उत्तरेच्या विरळ वस्तीत कॅनेडियन रेंजर्स गस्त घालतात. त्यांच्यात इनुइट आणि इतर आदिवासी समाजांतली माणसं मोठ्या संख्येने आहेत. रायफल त्यांच्याकडे असते ती मुख्यतः ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी. १९४७ पासून त्यांनी ली-एनफिल्ड वापरली. तिच्यावर त्यांचा राग नव्हता. सुटे भाग मिळेनासे झाले, म्हणून ती बदलावी लागली.

२०१८ पासून त्यांच्या हाती आलेली सी-१९ ही टिक्का टी-३-एक्सवर बेतलेली, कोल्ट कॅनडाने बनवलेली रायफल आहे. उणे पन्नास अंशांच्या थंडीत चालावी ही अट. जाड हातमोज्यातलं बोट जावं म्हणून चापाभोवतीचं कडं मोठं, मुठीत सापडावी म्हणून बोल्टची गाठ मोठी. दुर्बीण धुक्याने आंधळी होते म्हणून लोखंडी साईट. थरांच्या लाकडाचा दस्ता लाल रंगाचा. वापरणाऱ्याच्या हातापासून उलट दिशेने विचार करत आखलेली ही रायफल. तरीही काही वर्षांत काही रायफलींच्या या लाल दस्त्यांना तडे गेल्याचं आढळलं. कडाक्याच्या थंडीतून घराच्या उबेत आणि पुन्हा बाहेर, हा फेरा लाकडाला सोसत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय संपवला. पण बोल्ट-ॲक्शन महाराष्ट्राला परकी नाही. म्युनिकमध्ये २०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातल्या रायफली .२२ च्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या, आणि बोल्टच्याच.

या रायफलीकडे पाहिलं, की शिकारी रायफलीची अडचण नेमकी उमगते. इथे खेळाडूच्या जवळजवळ प्रत्येक नापसंतीला एक स्क्रू दिलेला असतो. गालाची टेक वर-खाली, खांद्याची टेक पुढे-मागे, चाप बोटाच्या मापाने सरकणारा. गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून, अशा तिन्ही बैठकींसाठी ती वेगवेगळी जुळवून घेता येते. तिला पावसात, झुडपांत किंवा डोंगरावर जायचं नसतं, म्हणून वजन आणि नाजूकपणा परवडतो.

शिकारी रायफलीला ही चैन नाही. तिच्यातला प्रत्येक स्क्रू कधीतरी ढिला होणार, प्रत्येक फटीत कधीतरी पाणी जाणार. म्हणून तिचा कर्ता कुठली तक्रार मिटवायची आणि कुठली शिल्लक ठेवायची हे आधीच ठरवून टाकतो, आणि घेणाराही नकळत तेच ठरवत असतो. अनुभवी मालक नवशिक्याला रायफलीचे गुण फारसे सांगत बसत नाहीत. वजन, धक्का, आवाज, प्लॅस्टिक आणि उडणारी पुंगळी यांपैकी कशाबरोबर वीस वर्षं काढता येतील, एवढंच विचारतात.